भुरीबाईच्या घरचा वाचणारा

विसरवाडीहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून भुरीबाईचं कुडाचं घर होतं. बाईच्या जिभेला हाड नव्हतं आणि हे त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक गाडीवान जाणून होता. तिचा नवरा दगा मिशनच्या शाळेत थोडंफार शिकलेला. रोज सांजेला तो अडखळत का होईना पण बायबल वाचायचा, आणि ती लसूण सोलत, मधूनमधून त्याला टोकत ऐकायची. मागच्या पावसाळ्यात दगा तापाने गेला. पुस्तक उरलं, वाचणारा गेला. त्या घरातली शांतता तिला खायला उठायची.

होळी झाल्यावर भाईदास मास्तर आले. ते गावोगाव पायी हिंडून ख्रिस्ती मंडळीची उपासना घेत. माणूस भला, पण नियम म्हणजे नियम. पुस्तकं थोडी आणि मागणारे फार, म्हणून ज्या घरात वाचणारा त्याच घरात पुस्तक, असं मंडळीचं ठरलेलं होतं.

"भुरीबाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पलीकडच्या पाड्यावर सासरा आणि सून दोघं वाचायला शिकलेत. पुस्तक त्यांना देऊ. पेटीत ठेवायला का छापलंय ते?"

"आन मी वाचनारा आणसू तं?"

मास्तर हसले. "तर पुस्तक तुमचंच. आखाजीनंतर येतो."

आता वाचणारा काय झाडाला लागतो? पण भुरीबाईचं दार रस्त्यावर होतं. उन्हाळ्यात शेतं मोकळी असत, तेव्हा तापीकाठचे शेतकरी गाड्या घेऊन नवापूरच्या जंगलातलं सागवान आणायला जात. दुपारी बैल सोडायचे ते तिच्या दारच्या चिंचेखाली. दुसऱ्याच दिवशी ती पुस्तक घेऊन चिंचेखाली उभी राहिली.

"सावली फुकट नई," ती म्हणाली. "जेले वाचता येस, त्यानी एक पान वाचानं."

गाडीवान हसले, पण वाचू लागले. घोटाळा वेगळाच झाला. ही सगळी पोथी ऐकून वाढलेली माणसं. पुस्तक हातात आलं की आधी पायातल्या वहाणा काढायची, मग ते कपाळाला लावायची आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची. पोथी मधूनच उघडणं त्यांच्या मनालाच पटेना. परिणाम असा, की आलेला प्रत्येक जण देवाकडून जग नव्याने तयार करवून घ्यायचा. उजेड व्हायचा, पाणी वेगळं व्हायचं, मासे आणि पाखरं व्हायची, तोवर उन्हं उतरायची आणि गाड्या जुंपल्या जायच्या. एक टपालवाला आला, त्यानेही तेच केलं. जंगलखात्याचा शिपाई आला, त्यानेही तेच.

शेवटी भुरीबाईची सटकली. "अरे, कितल्या खेपा जग बनाडशात? पुढला वाचा ना! त्या मानसं पुढे काय करनात, ते सांगा!"

तिने बांबूची एक पातळ काडी पानात घातली आणि दम भरला, की काडीच्या मागे जायचं नाही. मग मात्र गोष्ट गाडीसारखी सुटली. नव्याने येणाऱ्याला मागचं कळावं म्हणून भुरीबाई आधी स्वतः सगळं सांगायची. त्यात तिची स्वतःची भर असायची. जलप्रलयाच्या आधी माणसं कशी माजली होती हे सांगताना ती आपल्या दोन जावांची उदाहरणं द्यायची.

शहाद्याकडचा लोटन पाटील यात पुरता अडकला. भरघोस मिशांचा, स्वतःच्या चार गाड्या असलेला माणूस. योसेफ नावाच्या पोराला त्याच्याच भावांनी खड्ड्यात टाकलं ते पान त्याच्याच वाट्याला आलं. पुढे वाचणार तोच सोबतच्या गाड्या निघाल्या. पुढच्या खेपेला बैल सोडण्याआधीच त्याने हाक दिली. "भुरी बहीन, त्या पोऱ्यानं काय व्हयनं?"

"इकी टाकं त्याले! सख्खा भाऊसनी!" ती कळवळून म्हणाली. "आते राजाना घरमा उना शे. बठ, वाच."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि मास्तर आले. पाहतात तो चिंचेखाली लोटन पाटील चष्मा लावून वाचतोय, गाडीवान उकिडवे बसून ऐकताहेत आणि भुरीबाई मध्येच त्या दुष्ट भावांना शिव्या देतेय. मास्तरांना गहिवरून आलं. पण नियम आठवला.

"बाई, हे वाटसरू आहेत. पावसाळा लागला की गाड्या बंद. मग कोण वाचणार? मी घरच्या वाचणाऱ्याबद्दल बोललो होतो."

भुरीबाईने लोटनच्या हातातून पुस्तक घेतलं, पदराने पुसलं आणि मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी हात पुढे केला, पण तिला ते सोडवेना.

"थांब," लोटन म्हणाला. "मी शे या घरना. चातुर्मासमा बैल नई तं पायी ईसू."

मास्तर जरा उपरोधाने हसले. "पाटील, तुम्ही या घरचे? मग हिच्या माठाचं पाणी का नाही चालत? तुमची घागर तर गाडीला टांगलेली दिसतेय."

खरंच होतं ते. सावली चालायची, गोष्ट चालायची, पाणी नाही. बोलून गेल्यावर मास्तरांनाही वाईट वाटलं. लोटनने गाडीकडे पाहिलं, सोबत्यांकडे पाहिलं. मग तो उठला.

"बहीन, तांब्या दे."

"नको रे भाऊ," भुरीबाई घाबरली. "तुन्हा गावमा नाव ठेवतीन."

"ठेवू दे. दे तांब्या."

तिने माठातून तांब्या भरला. लोटनने तो तोंडाला लावून रिता केला. एका गाडीवानाने मान फिरवली, दुसरा पुटपुटला. लोटनने मिशा पुसल्या.

"आते सांगा मास्तर, मी कोनता घरना?"

"या घरचे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

भुरीबाईला रडू आवरेना. रडतारडताच ती चुलीकडे वळली.

"बठ आते," ती म्हणाली. "भाकर खाई जाय. घरना मानूस उपाशी कसा जाई?"