एक डोस

बी.एड.चा पेपर देऊन कोकिळा पिपरी मेघेला परतली तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि आठ महिन्यांची चिंगी अजून झोपलेलीच होती. खोकल्यानं दोन दिवस किरकिरणारी पोर निजली म्हणून बरं वाटावं, तर कोकिळेला ही झोप बरी वाटेना. तिनं आधी औषधाची बाटली उचलली.

बाटलीला भाताच्या शितानं कागदाची पट्टी चिकटवली होती. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर लावतो तशीच, चार खाचांची. वरच्या खाचेपर्यंतचं, म्हणजे पाव बाटली औषध संपलं होतं.

"आत्याबाई, हे काय?"

"त्या दुकानवाल्यानं बिनापट्टीचीच बाटली देल्ली व," सासू, रुख्माबाई, कौतुकानं म्हणाली. "डोस कसा समजंन? म्या केली पट्टी. तूच त सांगून गेलती, दुपारी एक डोस देजा म्हणून."

सांगितलं होतं खरं. बाटलीवरचं इंग्रजी कोकिळेनं स्वतः दोनदा वाचलं होतं. अर्धा चमचा, त्याहून थेंबभर जास्त नाही, औषधानं गुंगी येते. सासूला सांगताना मात्र पेपरच्या घाईत ‘डोस’ एवढा एकच शब्द टाकून ती निघाली होती. रुख्माबाईला तो काही नवा नव्हता. जन्मभर दवाखान्याच्या बाटल्या आणलेल्या बाईसाठी डोस म्हणजे एक खाच.

"चिंगे! ए चिंगे!" उचलताच पोरीची मान लुळी पडली.

सायकलरिक्षानं दोघी डॉक्टरांकडे पोचल्या. त्यांनी पापण्या उघडून पाहिल्या, श्वास मोजला. "श्वास बरा आहे. पण आता झोपू देऊ नका. इथंच बसा. एवढं पाजलं कोणी?"

"म्या." रुख्माबाई पुढं सरली. "सून त पेपरले गेलती. म्या अडाणी बाई."

"मी सांगितलं तेच केलं त्यांनी," कोकिळा म्हणाली. "किती ते मी सांगितलंच नाही."

रुख्माबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. बाकावर बसून ती पोरीच्या तळपायावर टिचक्या मारत होती. "ऊठ माय. काऊन अशी करून राह्यली? ऊठ." कोकिळा ओल्या पदरानं पोरीचं तोंड पुसत होती. एकदा ओठ हलले. पुन्हा काहीच नाही. आपण मोठ्यांदा श्वास घेतला तर तिचा ऐकू येणार नाही, म्हणून कोकिळा श्वास रोखून बसली.

मग चिंगीनं तोंड वाकडं केलं आणि दवाखाना डोक्यावर घेतला.

कोकिळेचे हात सवयीनं तिला थोपटायला गेले. रुख्माबाईनं ते धरले. "नोको थोपटू. रडू दे तिले."