पेटीला लावलेलं ट्यूनर

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी आसेगावच्या विहारापुढल्या मंडपात प्रसेनजितने आपली इलेक्ट्रिक गिटार तीनदा सुरात लावली, आणि तिन्ही वेळा ती बरोबर लागली. निदान ट्यूनर तरी तसंच सांगत होतं. चिमट्यासारखं हे यंत्र गिटारच्या टोकाला लावायचं. तार सुरात आली की हिरवा दिवा, नाहीतर लाल. सहाही तारांना हिरवा लागला. तरी पहिलं भीमगीत सुरू झालं आणि गिटार अशी काही बेसूर वाजली की पुढे बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

प्रसेनजित चक्रावला. सहा महिने त्याने घरी मोबाइलवरच्या गाण्यांसोबत हात बसवला होता, तेव्हा कधी असं झालं नव्हतं. उन्हानं तारा उतरल्या म्हणावं, तर दिवा हिरवाच. कान बिघडला म्हणावं, तर बायांचे कान कसे एकदम बिघडतील? आज भीमगीतांच्या गायन पार्टीसोबत त्याचा पहिलाच कार्यक्रम होता, आणि डोकं साफ बंद पडलं होतं.

गाणं संपल्यावर पार्टीची मुख्य गायिका रत्नमालाताई जवळ आली. गिटार नको म्हणणाऱ्या साऱ्यांशी भांडून तिनेच त्याला पार्टीत घेतलं होतं. ती हळूच म्हणाली, "अजून एक गानं पाह्यते. नाई जमलं तर उद्या धनजच्या कार्यक्रमाले येऊ नको."

हे ऐकून पेटीवर बसलेले म्हातारे पुंजाजीबाबा हसले. चाळीस वर्षं सारी पार्टी त्यांच्या पेटीच्या सुरात गात होती, ढोलकीसुद्धा तिलाच लावत. त्यांनी साऱ्या मंडपासमोर माइकमधून फर्मावलं, "लाव तुयं यंत्र माह्या पेटीले. पाहू दे, काय म्हनते ते."

प्रसेनजितने चिमटा पेटीच्या कडेला लावला. बाबांनी सूर धरला. ट्यूनरच्या पडद्यावरचा काटा पार उजवीकडे सरकला आणि दिवा लालभडक झाला. पेटीच मूळ सुराच्या वर चढलेली होती. चाळीस वर्षं अख्खी पार्टी चढलेली होती, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

दिवा फक्त त्याला दिसत होता. खरं सांगितलं तर गिटार वाचत होती, पण भर मंडपात म्हाताऱ्याची मान खाली जात होती.

"हिरवा हाये, बाबा," तो म्हणाला. "मीच उतरलो होतो."

मग ट्यूनर खिशात टाकून त्याने पेटीचा एकेक सूर मागितला आणि कानानं एकेक तार वर चढवली. दुसरं गाणं सुरू झालं. गिटार रत्नमालाताईच्या आवाजात अशी मिसळली की बाया टाळ्यांवर ठेका धरू लागल्या. ताईने वळून मान हलवली. धनज पक्कं झालं.

मधल्या संगीतात त्याला राहवलं नाही. त्याने चिमटा पुन्हा गिटारला लावून पाहिला. वाजवेल ती तार लाल दाखवत होती, आणि गाणं गोड लागत होतं. मघाशी आपण खोटं बोललो की खरं, हे त्याला काही केल्या कळेना.

शेजारी पुंजाजीबाबा भाता हलवत कौतुकाने म्हणाले, "यंत्र चांगलं हाये. जपून ठेव."