वृंदावन नगरची खुली जागा

आमच्या वृंदावन नगरला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि वसाहतीचा भूगोल, इतिहास व लोकसंख्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी रिटायर तलाठी. जन्मभर सातबारे लिहिलेल्या माणसाला दोन पानं लिहायला काय जड आहे, असं समितीचा अध्यक्ष इंद्रजीत म्हणाला. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग आहे.

भूगोल एका बैठकीत उरकला. घाटंजीच्या बाहेर, पारव्याच्या रस्त्याला डाव्या हाताला गट नंबर सत्तेचाळीस. पूर्वेला नाला, पश्चिमेला डांबरी रस्ता, उत्तरेला बंजाऱ्यांचा तांडा, दक्षिणेला कापसाची शेतं, जी दरवर्षी एकेक एकराने मागे सरकतात. एकशे चौसष्ट प्लॉट, त्यांतल्या एकशे एकतीसवर घरं. मधोमध खुली जागा. तिला आम्ही बगीचा म्हणतो, म्हणजे दोन सिमेंटचे बाक, एक मोडका झोपाळा आणि बाकी सगळं गाजरगवत.

लोकसंख्येसाठी मी स्वतः घरोघर फिरलो. जनगणनेची वाट पाहत बसलो असतो तर स्मरणिका वसाहतीच्या पन्नाशीलाच निघाली असती. सहाशे बारा माणसं भरली. शाळामास्तर, बँकेतले, कृषी केंद्रवाले, शेती ठोक्याने कसायला देऊन मुलांच्या शिक्षणासाठी आलेले. पंचविशीच्या वरचा एकही माणूस इथे जन्मलेला नाही, हे लिहिताना मला जरा गंमत वाटली.

इतिहासापाशी मात्र पेन अडला. या जागेचा इतिहास मला ठाऊक होता, आणि तो मीच खोडला होता.

लेआउट पडण्याआधी हे शेत एका कास्तकाराचं होतं. तांड्यातले लोक त्याच्या शेतात एका ठिकाणी आपली मुलं पुरायचे. बंजाऱ्यांमध्ये लग्न झालेल्याला जाळतात आणि लग्न न झालेल्याला पुरतात, त्यामुळे तिथे सगळी पोरंसोरंच होती. शेतमालकाने कधी हरकत घेतली नाही. त्याने शेत विकलं, लेआउटवाल्याने अकृषक परवानगीसाठी अर्ज केला आणि स्थळ पाहणीचा पंचनामा माझ्याकडे आला. मे महिना होता. मी तलाठी कचेरीतल्या खुर्चीवरून उठलो नाही. पंखा सुरू होता, पाच पंच दारातच उभे होते, त्यांच्या सह्या घेतल्या आणि लिहून टाकलं की सदर जागेवर स्मशान, दफनभूमी अथवा धार्मिक स्थळ नाही. कोणाकडून काही घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान स्वतःला लाचखोर म्हणून मोकळा झालो असतो. मी फक्त उन्हाचा कंटाळा केला.

दोन महिन्यांनी तिथे ट्रॅक्टर फिरले. तांड्यातली रुपीबाई माझ्या दारात आली. तिची पोरगी ममता दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, पाच वर्षांची. परगावी मजुरीला गेलेली रुपीबाई परत आली तेव्हा जमीन सपाट झाली होती, लिंबाचं झाड नाही, शेताचा धुरा-बांध नाही, कुठे काय होतं याची खूणच उरली नव्हती. तिने विचारलं, साहेब, आमच्या लेकरांची जागा कुठे गेली. माझ्यासमोर लेआउटचा नकाशा होता. त्यात मधोमध हिरव्या रंगाचा एक चौकोन होता, खुली जागा म्हणून सोडलेला. मी त्याच्यावर बोट ठेवलं. म्हटलं, तुमची जागा मोकळीच ठेवली आहे, तिथे कोणी घर बांधणार नाही. ती जावी म्हणून बोललो. ती पाया पडून गेली.

तेव्हापासून दर दिवाळीच्या अवसेला रुपीबाई पळसाच्या पानावर लापशी घेऊन बगीच्यात येते. गाजरगवत उपटून हातभर जागा साफ करते, लापशी ठेवते, थोडा वेळ बसते. पुढे मी याच वसाहतीत प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि माझी बायको सत्यशीला हिचे गुडघे गेल्यावर तिनेच रुपीबाईला भांड्याला ठेवलं. चोवीस दिवाळ्या मी ते पाहिलं. खरं सांगावं असं कधी वाटलं नाही असं नाही. पण तिला बरं वाटतं आहे ना, मग आपण कशाला मध्ये पडायचं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. लबाड माणसाला समजूत घालून घ्यायला फार वेळ लागत नाही.

यंदा समितीने बगीच्यात सभागृह बांधायचं ठरवलं. रुपीबाईला ते आमच्याच स्वयंपाकघरात, मी फोनवर बोलत असताना कळलं. हात पुसत ती माझ्यापुढे येऊन बसली. सभागृह थांबवा असं तिने म्हटलं नाही. एवढंच मागितलं की खड्डे खोदायच्या आधी तिला तिची पोरगी काढून नेऊ द्यावी. तांड्याने आता नाल्यापलीकडे नवी जागा धरली आहे, तिथे नेऊन ठेवते म्हणाली. आणि जागा मी दाखवावी, कारण तिच्या लेखी पाहणी मी केली होती.

तेव्हा सांगायला हवं होतं. ती समोर बसली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, इंद्रजीतशी बोलतो.

इंद्रजीत वाईट माणूस नाही. त्याने फार काही न विचारता रविवार दिला आणि लोकांत चर्चा नको, सकाळी लवकर उरका, एवढंच सांगितलं. रविवारी उजाडताच रुपीबाई तिचा दीर मारोती याला घेऊन आली. हातात नवं लाल फडकं होतं, घडी न मोडलेलं. मी बाकापासून चार पावलं चाललो आणि उगाच एका जागी उभा राहिलो. तिने ती जागा हाताने झाडली आणि मारोतीने टिकास मारला.

पोरीला कंबरभर खोल ठेवून वर दगड रचले होते, कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून. ते दगड आधी लागतील, मग हाताने माती काढायची, असं ती त्याला सांगत होती. वीतभर काळी माती गेली. मग मुरूम लागला. मारोती खोदत राहिला. कंबरभर झालं तरी दगड नाही. मी म्हटलं, जरा डावीकडे पाहा. डावीकडे खोदलं. तिथेही तेच. मी आणखी एक जागा दाखवली. थांबवायची हिंमत होत नव्हती. मारोतीच्या तळहाताला फोड आले.

तिसऱ्या खड्ड्यात रुपीबाई स्वतः उतरली. तिने जन्मभर रोजगार हमीवर तळी आणि विहिरी खोदल्या आहेत. तिने मुरमाचं एक ढेकूळ हातात घेतलं, फोडलं आणि खड्ड्याच्या बाजूवरून बोट फिरवलं.

"साहेब, हे जमीन कधी खंदलीच नाही," ती म्हणाली. "एकदा खंदली का थर मोडते. इथला थर जसाच्या तसा हाये."

ती माझ्याकडे वळली.

"तुमी पाह्यली होती ना जागा?"

"नाही," मी म्हटलं. "मी आलोच नव्हतो. खुर्चीत बसून लिहिलं."

"मंग मले इथंच हाये म्हणून काहून सांगितलं?"

ती जावी म्हणून, हे तोंडातून निघेना. ती खड्ड्यातून वर आली. बगीच्याच्या चारही बाजूंना घरं आहेत, एकाला लागून एक, कुंपणं, तुळशी, गाड्या. ती एकेका ओळीकडे पाहत गेली.

"कोणत्या घराखाली हाये?"

"मला माहीत नाही, रुपीबाई."

तिने लाल फडकं कमरेला खोचलं. मारोतीने तिन्ही खड्डे बुजवले, कारण तिथे मुलं खेळतात. मग ते दोघं निघून गेले. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला बरं वाटावं हे तरी तिने कशाला पाहावं.

त्या दिवशी बसून मी इतिहास लिहिला. सगळा. पंचनामा, पंखा, हिरवा चौकोन, तीन खड्डे. चार पानं झाली. इंद्रजीतने ती त्याच्या दुकानात उभ्याउभ्या वाचली आणि शटर अर्धं खाली ओढून मला विचारलं, कोणते प्लॉट. मी म्हटलं, तेच तर माहीत नाही. कोणतेही असतील, तुझा असेल, माझा असेल. तो म्हणाला, मग काकाजी, एकशे एकतीस घरांची झोप उडवून तुम्हाला काय मिळणार, आणि त्या बाईला तरी काय मिळणार. त्याने पानं परत दिली नाहीत. स्मरणिका छापून आली तेव्हा इतिहासाखाली एकच ओळ होती, की पूर्वी येथे पडीक शेत होते. खाली माझं नाव, कंसात निवृत्त तलाठी. मी भांडलो नाही. दोन प्रती घेऊन घरी आलो.

त्या रविवारनंतर रुपीबाई आठवडाभर आली नाही. सत्यशीलाला मी सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आठव्या दिवशी फाटकाशी रुपीबाई दिसली. सत्यशीला गुडघे धरत उठली आणि म्हणाली, ये, आत ये, आधी चहा घे, भांड्याचं राहू दे. रुपीबाई रस्त्यावरच उभी होती. दुसरी बाई पाहून घ्या, एवढं सांगायला आली होती. वसाहतीतली कामाची पाचही घरं तिने सोडली होती.

मी बाहेर गेलो. फाटक उघडलं. म्हटलं, रुपीबाई, मला काय बोलायचं ते बोल, पण आत येऊन बोल.

तिने माझ्या अंगणातल्या फरशीकडे पाहिलं.

"पंधरा वर्सं तुमच्या घरात चालली मी, साहेब. मले कुठी मालूम होतं. आता पाय कसा ठेवू?"