चंद्र थांबवायची झोळी

ठण्ण! वरवंटा अंगणात पडला आणि कितीतरी वेळ थोपटून निजवलेलं बाळ टक्क जागं झालं.

सकाळपासून पाट्यावर वरवंटा नव्हताच. ह्यांनी तो दुर्बिणीला बांधला होता. हे इथल्या तहतानिया, म्हणजे प्राथमिक, शाळेत मास्तर. तीन वर्षं हातानं काच घासून आरसा केला, पाच हात लांब पत्र्याच्या नळीत बसवला. आरशाचं टोक जड, म्हणून दुसऱ्या टोकाला वरवंटा. आणि हे सगळं तीन बांबूंच्या तिकाटण्यावर.

तोल साधला, पण थरथर जाईना. कुणी शिंकलं तरी आत चंद्र नाचायचा.

मामंजींनी, म्हणजे आबासाहेबांनी, बजावून ठेवलेलं, "आज अष्टमीचा चंद्र एका जागी दिसला तर ठीक. न्हाईतर उद्या ही नळी गोठ्याला पन्हाळ म्हनून लावतो."

ह्यांचा चेहरा बघवेना. वरवंटा पुन्हा करकचून बांधला. "खाली वजन टांगलं की थांबतंय," असं म्हणत तिकाटण्याच्या मधोमध ज्वारीचं पोतं लटकवलं.

दिवेलागणीला मामंजी बैलगाडीवर चढले, नळीच्या वरच्या टोकाजवळच्या भोकाला डोळा लावला.

"दिसला! थांब... अरं, हा तर पळायलाय! खामखा नाचायलाय!"

खाली बघितलं तर शेळी. पोत्याला भोक पाडून निवांत जेवत होती. निम्मी ज्वारी तिच्या पायाशी.

हे कपाळाला हात लावून बसले. माझ्या कडेवर बाळ रडायलं. माहेरी खुरपायला गेलं की अशाच तीन काठ्यांना आम्ही बाया झोळी टांगायचो. हात आपोआप चालले. पोतं सोडलं, लुगड्याची झोळी बांधली, बाळ आत घातलं, झोका दिला.

"आता झोके घ्यायलाय!" मामंजी वरून ओरडले. "थांबव गं, सूनबाई!"

थांबवला. बाळानं टाहो फोडला.

"दे, दे झोका!"

दिला.

"थांबव!"

शेवटी मामंजींनीच, डोळा नळीला तसाच ठेवून, भसाड्या आवाजात अंगाई धरली. बाळ बहुतेक भिऊनच निजलं. झोळी जड झाली, बांबू गप्प झाले.

मामंजींनी डोळा नळीला आणखी दाबला. हळूच ह्यांना म्हणाले, "भुजंगा, ह्याला लय खड्डे हायत रे." मग घसा खाकरून, "पन्हाळीचं ऱ्हाऊ दे."

ह्यांनी डोळे पुसले, धूळ गेल्यासारखे.

मग मामंजींनी आमच्या पाच वर्षांच्या मनूला उचलून धरलं. तिनं पोटभर चंद्र बघितला, खाली झोळीकडं बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"माय, चंद्र आता हालंना. त्याच्याखाली कुणाचं बाळ टांगलंय?"