राळ्याची उशी

मित्रांनो, उशी म्हटली की तुम्हांला कापूस आठवतो. माझ्या पोटात मात्र कापसाचा धागाही नाही. माझ्या पोटात राळे आहेत, मोहरीहून किंचित मोठे, पिवळे, गुळगुळीत दाणे. लांबीला मी जेमतेम वीतभर. मोठ्या माणसाचं डोकं माझ्यावर नीट मावायचं नाही. मी तान्ह्या बाळाची उशी आहे. म्हणजे होते. आता माझ्यावर कुणीच डोकं टेकत नाही, आणि का टेकत नाही ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

मला रंगुबाईनं शिवलं. पारनेरच्या पुढं माळावर एक वाडी आहे, तिथली ही रंगुबाई. तिचा गहिनीनाथ पोटात होता तेव्हा तिनं बांधाकडेचे राळे पाखडले, धुतले, कडक उन्हात वाळवले, आपल्या चोळीच्या खणात भरले आणि चारी बाजूंनी बारीक टाके घातले. शिवताना ती कुणाशी बोलत नव्हती. मला वाटलं, कामाची बाई आहे, नसेल बोलायची सवय.

आमच्याकडं तशी रीतच होती. तान्ह्या बाळाचं डोकं मऊ असतं, राळ्यावर ठेवलं की दाणे सरकून डोक्यापुरता खळगा होतो आणि डोकं कसं छान गोल येतं, असं बायका म्हणत. गहिनीनाथचं डोकं गोलच आलं. खरं सांगते, मला कोण गर्व झाला! बारशाला आलेली जी ती बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "रंगुबाई, लई गुनाची गं तुजी उशी." मग काय, वाडीत कुणाचं बाळंतपण आलं की मला बोलावणं आलंच. मी या घरून त्या घरी मिरवायची. दुधाचा, तेलाचा, वेखंडाचा वास माझ्या खणात इतका मुरला की धुऊनही जाईना.

पण मिरवणं असायचं चार-सहा महिने. बाळ बसायला लागलं की माझी रवानगी खुंटीवर. तिथून घर दिसायचं, माणसं दिसायची, पण माझ्याकडं मान वर करून कोण बघतंय? ज्या गहिनीनाथचं डोकं मी घडवलं, त्याला मिसरूड फुटलं, त्याचं लग्न लागलं, त्यानं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मी आपली धूळ खात पुढच्या बाळाची वाट बघायची. वाट बघण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

ते बाळ आलं बहात्तर सालच्या दुष्काळात. गहिनीनाथच्या बायकोला, मालनला, मुलगी झाली. नाव ठेवलं चांगुणा. रंगुबाईनं मला खुंटीवरून काढलं, झटकलं, ऊन दाखवलं आणि नातीच्या डोक्याखाली सारलं. त्या इवल्याशा डोक्याची ऊब लागली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

घरात मात्र आनंद टिकला नाही. माळावर गवताची काडी उरली नव्हती. गहिनीनाथ बैल जगवायला सोनईकडं निघून गेला. तिकडं पाटाचं पाणी होतं, ऊस होता, ऊसतोडीला गेलं तर बैलांना वाढं, उसाचे हिरवे शेंडे, तरी मिळणार होते. रंगुबाई घागरभर पाण्यासाठी दिवस दिवस विहिरीच्या काठावर बसून राहायची. आणि मालन, अजून अंगातलं बाळंतपण पुरतं ओसरलं नव्हतं तरी, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. अंगावर पिणारं लेकरू घरी कसं ठेवणार? म्हणून चांगुणाही निघाली, आणि चांगुणाबरोबर मी.

कामाच्या जागी एक कडुलिंब होता. बायका आपापल्या जुन्या लुगड्याच्या झोळ्या त्याच्या फांद्यांना बांधायच्या आणि लेकरांवर लक्ष ठेवायला बायडाबाई नावाची म्हातारी बसलेली असायची. एक म्हातारी आणि एवढी पोरं! एकाला गप्प करावं तर दुसरं भोकाड पसरायचं. बिचारी नुसती इकडून तिकडं पळायची.

झोळीत शिरलं की वरती आभाळाची एक पट्टी दिसते, बाकी सगळं लुगडं. लांबून हातोड्यांचा आवाज यायचा. त्या एवढ्या माणसांत आम्ही दोघीच एकमेकींच्या होतो. चांगुणा जागी असली की माझ्या टाक्यांवर बोटं फिरवायची. झोपली की तिचा श्वास माझ्या खणाला लागायचा, ऊन, दुधाळ. मला वाटायचं, हे असंच राहावं.

दुपारच्या सुट्टीत मालन यायची, लेकीला पाजायची आणि तिच्याशीच बोलत बसायची. दुसरं होतंच कोण तिला? माहेर लांब, नवरा परमुलखात, सासू दमून गप्प. "तुज्या बाचा कायबी सांगावा न्हाई गं," ती म्हणायची. "बैलांना वाढं मिळत आसंल. पर त्यो काय खात आसंल?" चांगुणा टकामका तिच्या तोंडाकडं बघायची. मालनचे डोळे भरून यायचे, मग मुकादमाची हाळी आली की पदरानं तोंड पुसून ती उठायची. मला हात असते तर मी तिच्या पाठीवरून फिरवला असता.

एके दिवशी सकाळपासून चांगुणा पोटाच्या दुखण्यानं कळवळत होती. घरून निघताना रंगुबाई म्हणाली होती, "पालथी घाल तिला. पोटाखाली ऊब लागली की निजंल. आन उशी काढू नगंस, डोकं वाकडं व्हईल." म्हणून मालननं तिला झोळीत पालथी घातली, गाल माझ्यावर टेकवला आणि दोन झोके देऊन ती कामावर गेली. खरंच, चांगुणा गप्प झाली. बायडाबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला. मीही खूश होते.

झोळीचं कापड मधे खोल जातं, तुम्ही पाहिलं असेल. चांगुणा हलली तशी ती आणि मी दोघीही त्या खोलगटात घसरलो. तिचं तोंड वळलं आणि सरळ माझ्यात रुतलं. राळे सरकले, डोक्यापुरता खळगा झाला. याच खळग्याचं सगळे कौतुक करायचे, मित्रांनो! आता त्यात तिचं नाक होतं. तिनं मान उचलायचा प्रयत्न केला. एवढ्या लहान जिवाच्या मानेत बळ ते कितीसं? माझ्या खणाला लागणारा श्वास ओलसर झाला, मग उथळ झाला. मला दूर सरकता येत नव्हतं. ओरडता येत नव्हतं. बाहेर बायडाबाई कुणाला तरी दटावत होती आणि झोळी शांत आहे म्हणून तिकडं कुणी फिरकत नव्हतं.

पान्हा फुटला म्हणून मालन उठली. सुट्टीला अजून अवकाश होता. मुकादम मागून ओरडला, "ए बाई, कुटं निगालीस?" पण छाती दाटून आली होती आणि लेकराचा आवाज नव्हता. ती आली ती पळतच. झोळीचं कापड बाजूला केलं आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून सगळ्या हातोड्या थांबल्या.

चांगुणाचे ओठ निळे पडले होते. मालननं तिला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, बायडाबाईनं तळपाय खसाखसा चोळले. "रड गं माजे बाय, रड!" म्हातारी सारखी म्हणत होती. त्या गर्दीत मी खाली मातीत पडले. कुणाचा तरी पाय माझ्यावर पडला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी फक्त ऐकत होते. आणि मग चांगुणानं एक आचका दिला आणि टाहो फोडला. बायका रडायलाच लागल्या. मालन तिला छातीशी धरून मातीतच बसली.

त्याच आठवड्यात पोरांना लस टोचायला तालुक्याच्या नर्सबाई आल्या. मालननं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी झोळीत हात घालून पाहिला, मला उचलून दाबून पाहिलं, आणि म्हणाल्या, "मालन, हिला निजवायचं ते उताणं. पाठीवर. दिवसा असो की रात्री असो. खाली सपाट, घट्ट अंथरूण. उशी नको, बाजूला लोड नको, तोंडावर पांघरूण नको. तुझ्याजवळ ठेव, पण तिची जागा वेगळी ठेव."

"आन डोकं चपटं झालं तर?" मालननं विचारलं.

"जागी असली की पालथी घाल, तुझ्या डोळ्यांसमोर. मांडीवर घे, खांद्यावर घे. चालायला लागली की डोकं आपोआप गोल भरतं."

त्या दिवसापासून चांगुणा लिंबाच्या सावलीत, घोंगडीची घडी घालून केलेल्या अंथरुणावर उताणी निजू लागली, बायडाबाईच्या अगदी पुढ्यात. मी घरी, पुन्हा खुंटीवर. मी फार रुसले. इतकी डोकी घडवली मी, आणि एका नर्सबाईच्या शब्दावर मला वाळीत टाकलं! माझा काय दोष होता? मी जागची हलले होते का? अशी मी दिवसभर मनातल्या मनात भांडायची. संध्याकाळी चांगुणा घरी आली की वरून तिला बघायची.

रंगुबाईलाही ते पटलं नव्हतं. मालन चुलीपाशी गेली की ती हळूच मला काढायची आणि नातीच्या डोक्याखाली सारायची. मालन यायची, मला काढायची. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका सकाळी रंगुबाईचा तोल गेला.

"पोरीची जात हाय ती! उद्या बगायला पावने येतील तवा चपट्या डोक्याची म्हून हसतील. तवा तुजी नर्सबाई येनार हाय का?"

मालननं आजवर सासूला उलट शब्द दिला नव्हता. ती मला हातात धरून उभी होती. "डोकं चपटं ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "पर पोर ऱ्हाऊ द्या. तिचे निळे व्हट तुमी बगितले न्हाईत. मी बगितलेत."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतलं जाणार. पण रंगुबाई चांगुणापाशी जाऊन बसली. मग उठून मालनच्या हातातून मला घेतलं, पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं आणि झाकण लावलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पेटीत काय असतं, मित्रांनो? अंधार असतो. डांबरगोळ्यांचा वास असतो. खुंटीवरून निदान माणसं दिसत होती. इथं फक्त आवाज येत. पुढच्या साली पाऊस झाला तो मी ऐकला. गहिनीनाथ बैलांसकट परत आला, तेव्हा मालन हसली तेही ऐकलं. चांगुणाची पावलं दुडुदुडु वाजायला लागली. मला मात्र कुणी हाक मारली नाही. एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. दुधाचा वासही हळूहळू माझ्यातून निघून गेला. आता माझी कुणाला आठवणच नाही, असं मी धरून चालले होते.

आणि एके दिवशी पेटी उघडली! शेजारची मुक्ताबाई आली होती. तिच्या लेकीला मुलगा झाला होता. "रंगुबाई, ती राळ्याची उशी दे की गं," ती म्हणाली. रंगुबाईनं मला बाहेर काढलं. उजेड लागला, वारा लागला. पुन्हा एक मऊ, ऊबदार डोकं, पुन्हा तो वास! माझ्यातला दाणा न् दाणा हलला. मी मनात म्हटलं, दे, रंगुबाई, दे मला.

रंगुबाईनं मला पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "न्हाई देत."

"आगं, वीतभर उशी ती! सोनं भरलंया का काय तिच्यात?"

"मुक्ता, रागावू नगं," रंगुबाई हळू बोलली. "गहिनीच्या आदुगर मला एक पोर झाली हुती. तुला ठावं न्हाई, तू लगीन हून आली नव्हतीस. रडायची म्हून पालथी घातली, मऊ गोधडीवर. पोर गप निजली. निजली ती उटलीच न्हाई. समदे म्हनले दिष्ट लागली. मीबी तसंच म्हनत आले. कशानं गेली ते देव जानं. पर मालन त्या दिशी बोलली, आन माज्या काळजात लख्ख झालं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "नातवाला उताना निजव. तोंडाजवळ काय बी ठिवू नगं. डोक्याचं बगू मागनं."

मुक्ताबाई बराच वेळ तिच्याजवळ बसली आणि रिकाम्या हातानं गेली. मला शिवताना रंगुबाई का बोलत नव्हती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. एक लेकरू गमावलेली आई दुसऱ्यासाठी टाके घालत होती. माझा रुसवा तिथंच संपला. तिनं मला पुन्हा पेटीत ठेवलं, तेव्हा मी मनातसुद्धा भांडले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडं मागणं मागतात, आम्हांला टाकू नका, आम्हांला पुन्हा वापरा. मलाही तेच मागावंसं वाटतं. या अंधारात मला फार एकटं वाटतं, आणि तान्ह्या बाळाच्या श्वासाची मला इतकी ओढ आहे की सांगता सोय नाही. तरीही तुमच्या घरी बाळ आलं, आणि कुणी प्रेमानं माझी आठवण काढली, तर पेटी उघडू नका. त्याला सपाट अंथरुणावर उताणं निजवा आणि मला इथंच राहू द्या.