टाकी फुल ते टाकी फुल

काटेवाल्याने गाडी घ्यायची म्हणजे काय पोरखेळ आहे का? दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात आणि ते खरं बोलतात की खोटं हे तपासण्यात ज्या माणसाचे केस पिकले, त्याला कुणी नुसता आकडा सांगावा आणि त्याने मान डोलवावी, हे होणे नाही. शोरूममधली मुलगी म्हणाली, "सर, एकवीसचं मायलेज आहे." काटेवाल्याने विचारलं, "कुणाच्या घरी?"

मुलगी प्रामाणिक होती, बिचारी. तिने सांगून टाकलं की कंपनी गाडी रोलरवर पळवून मोजते. तिथे वारा नाही, सिग्नल नाही, खड्डे नाहीत आणि आत घरची माणसंही नाहीत. "मग घरची माणसं बसवून बघू," काटेवाला म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनमधून आपली तपासणीची लोखंडी वजनं घेऊन हजर झाला. मागे डावीकडे बाबांच्या भाराची वजनं, उजवीकडे थोरल्या लेकीच्या, मध्ये शेंडेफळाच्या. सगळ्यांना त्याने पट्टेसुद्धा बांधले. शोरूममधले लोक काम सोडून बघायला आले, आणि त्याची बायको मेल्याहून मेल्यासारखी होऊन काचेपाशी उभी राहिली.

"खरी माणसंच का नाही आणलीत?" मुलीने विचारलं.

"माणसं चुळबुळ करतात," काटेवाला म्हणाला.

"आणि बोलतात," बायको म्हणाली. सगळे हसले. तिने मात्र ते थट्टेत म्हटलं नव्हतं.

डिझेलची गाडी त्याने सगळ्यात आधी बाद केली. बायकोचं जाणं-येणं घर ते ऑफिस, तेही गर्दीतून रखडत. एवढ्याशा धावण्यात डिझेलच्या धुराची जाळी नीट तापायचीच नाही आणि सारखी चोंदत राहील, असं त्याचं म्हणणं. मोठ्या इंजिनाची लाल गाडी चढावर उड्या मारायची, पण तेवढंच प्यायची. राहिली राखाडी, मध्यम इंजिनाची, पेट्रोलवाली. शेवटचा कौल बाबांचा होता, कारण उंच गाडी हवी होती ती त्यांच्या गुडघ्यांसाठी. बाबा बसले, उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "बूड सरळ सीटवर टेकतं. खाली शोधत जावं लागत नाही." झालं, राखाडी गाडी घरी आली.

गाडीतला पडदा सरासरी दाखवायचा, पण काटेवाला त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. पडदा आपल्याच गाडीची तारीफ करणार, दुसरं काय? त्याची रीत साधी होती. पंपावर जायचं, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचं, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा, आठवडाभर चालवायची, आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरायची. गेलेले किलोमीटर भागिले लागलेलं पेट्रोल. सुट्टीत सगळे मिळून भटकायला गेले तेव्हा सतरा आलं. काटेवाल्याने ते जेवताना, जेवल्यावर आणि झोपायच्या आधी सांगितलं.

मग गाडी बायकोच्या हाती गेली, आणि सतराचं तेरा झालं.

ते का झालं, हे एकट्या तिलाच ठाऊक होतं. ती वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घेत असे. सकाळपासून कानात माणसंच माणसं. कुणाकडे वीज गेलेली, कुणाचं बिल फुगलेलं, कुणी नुसताच तापलेला. प्रत्येकाला गोड आवाजात "हो, समजलं मला" म्हणायचं. संध्याकाळपर्यंत कान किटून जायचे. आणि घरी? घरची माणसं लाखमोलाची, पण एकाच्याही तोंडाला कुलूप नाही. थोरलीला शाळेतलं भांडण सांगायचं असे, शेंडेफळाला ते भांडण नव्हतंच हे सांगायचं असे. बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्या जगाशी ओरडून बोलायचे. आणि काटेवाल्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. सगळ्यांना सांगायचं ते तिलाच, कारण ऐकणारी ती एकटीच.

म्हणून ती रोज घराखालच्या उघड्या पार्किंगमध्ये, कडेच्या झाडाखाली गाडी लावायची, काचा बंद, इंजिन आणि एसी चालू, आणि नुसती बसायची. गाणं नाही, फोन नाही. वीस मिनिटं, कधी जास्तच. इंजिनाच्या बारीक घरघरीशिवाय काही ऐकू येत नसे. हळूहळू खांदे खाली यायचे, आणि मग शेंडेफळाचा आवाज आठवून तिला आपसूक हसू यायचं. तेव्हा ती वर जायची. गाडी जागची हलत नव्हती, पण पेट्रोल जळत होतं. तिने सांगितलं असतं की हिशेब मिटला असता. पण सांगायचं काय? तुमचे आवाज मला सोसवत नाहीत म्हणून? ज्या माणसाने लोखंडाला पट्टे बांधून तिच्यासाठी गाडी निवडली, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

इकडे काटेवाल्याचा जीव टांगणीला लागला. त्याने चाकांची हवा तपासली. डिकीतली छत्री, सतरंजी, बाबांची घडीची खुर्ची, सगळं बाहेर काढलं. पंपाच्या मापावर शंका घेऊन तिथल्या माणसाशी हुज्जत घातली, आणि माप चोख निघाल्यावर त्याची माफी मागितली. मग तिच्या रजेच्या दिवशी, ऐन गर्दीत, तिच्याच रस्त्याने, ऑफिसपर्यंत आणि परत, अशा दिवसभर फेऱ्या मारल्या. पुन्हा जवळजवळ सतरा. घामाघूम होऊन वर आला आणि म्हणाला, "गाडीत काही दोष नाही. तुझा पाय जड आहे."

"असेल," ती म्हणाली. सुटका झाली असं तिला वाटलं.

"असेल काय? उद्यापासून येतो मी तुझ्याबरोबर. सकाळी आणि संध्याकाळी. महिनाभरात पाय हलका करून देतो."

"अहो, तुमचं काम?"

"काम काय पळून जातंय. बायको एकच आहे." तो हे इतक्या प्रेमाने म्हणाला की तिने मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या ऑफिसच्या दारात उभा होता. वाटभर शिकवणी चालली. पुढचा सिग्नल लाल दिसतोय ना, मग आत्ताच पाय काढ. ब्रेक म्हणजे पेट्रोलची राख. हळू, हळू, आता कशी लोण्यासारखी चालली बघ. त्यातच दुकानदारांचे किस्से, बाबांच्या औषधाचं, थोरलीच्या शाळेतल्या बाईंचं. त्या दिवशी तिला एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला होता. बाईंची वीज गेलेली नव्हतीच. घरात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी फोन लावला होता, आणि नियमाप्रमाणे तिला तो लवकर आटपावा लागला होता. तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता, आणि त्याच्यावर नवऱ्याचा आवाज चढत होता.

झाडाखाली गाडी थांबली. "आता बंद कर," तो म्हणाला. "उभ्या गाडीचं मायलेज शून्य."

तिचा हात चावीपाशी गेला आणि तिथेच राहिला. डोळे भरून आले. "अहो, माझा पाय जड नाही," ती म्हणाली. "मी रोज इथे बसते. गाडी चालू ठेवून. तुमचं पेट्रोल इथे जातं."

त्याला आधी कळेना. "कुणाची वाट बघतेस?"

"कुणाची नाही. दिवसभर लोक कानात ओरडतात. वर आले की तुम्ही सगळे. थोडा वेळ कुणीच नको वाटतं मला." बोलून झालं आणि तिला वाटलं, गेलं, मोडलं काहीतरी.

काटेवाल्याने सीटचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला. मग त्याने विचारलं, "घरी यावंसं वाटत नाही का तुला?" आवाज अगदी शेंडेफळासारखा झाला होता.

"यावंसं वाटतं म्हणून तर बसते," ती म्हणाली. "तशीच वर आले ना, तर मी तुमच्याशीसुद्धा फोनवरच्यासारखं बोलेन. 'हो, समजलं मला' म्हणेन आणि काही ऐकलेलं नसेल. मला तुमचं खरंच ऐकायचं असतं. माझं प्रेम आहे तुमच्यावर, सगळ्यांवर. पण कान दोनच आहेत."

तो उतरला, आणि दार इतकं अलगद लावलं की ते नीट लागलंच नाही. ते ओढून घ्यायला ती वाकली, तेव्हा जिन्यावरून बाबांचा खणखणीत आवाज आला. "सूनबाई आली का रे? किती वेळ झाला."

गाडी समोर उभी होती. दिवे लागलेले होते. आणि ज्याने जन्मात कुणाच्या काट्याला ग्रॅमभर झुकतं माप दिलं नव्हतं, तो माणूस बाबांपुढे उभा राहून मोठ्याने म्हणाला, "नाही हो बाबा, अजून वाटेत आहे. येईल, तुम्ही आत चला." वरून पोरं धावत आली, त्यांना त्याने दोन्ही हातांनी अडवलं आणि परत वर नेलं.

तिने दार ओढून घेतलं. मनसोक्त रडली, मग डोळे पुसून नुसती बसली. कुणी काचेवर टकटक करेल अशी धाकधूक त्या दिवशी पहिल्यांदाच नव्हती.

ती वर गेली तेव्हा पोरांसमोर पत्ते मांडलेले होते आणि काटेवाला भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून बसला होता. दुकानातलं काहीतरी सांगायला त्याचा जीव कासावीस झालेला स्पष्ट दिसत होता. तिच्याकडे बघून त्याने फक्त पाण्याचा पेला पुढे केला.

ती पाणी प्यायली, त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "हं. सांगा आता."