मास्तरचे पालुपद

सकाळी साडेदहाला गस्तीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा दादाने इंजिनसुद्धा बंद केले नाही. "दहा मिनिटांचं काम आहे, मास्तर," तो म्हणाला.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईला नवऱ्याने मारले होते आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला होता. दोघे आत गेले. मशीनवर शाळेच्या गणवेशाची एक बाही अर्धवट शिवून पडली होती. बाईचा ओठ सुजला होता. नवरा लगबगीने पोलिसांसाठी खुर्ची पुसत होता.

दादाने नेहमीसारखी नवऱ्याला दोन शिव्या घातल्या आणि बायकोला चार उपदेश केले. "भांड्याला भांडं लागतंच, ताई. केस केलीत तर उद्या घर कोण चालवणार?" बाईच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मास्तरने नोंदवही उघडून लिहिलेसुद्धा : ‘किरकोळ कारणावरून झालेला वाद आपसात मिटला असून माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ बाईने खाली सही केली. सही करताना तिने एकदा वर पाहिले, पण मास्तर तेव्हा पेनाचे टोपण शोधत होता.

हे वाक्य मास्तरनेच सात वर्षांपूर्वी जुळवलेले. त्याचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून त्याला मास्तर म्हणत. या एका ओळीने जबाब टळायचा, दवाखाना टळायचा, कोर्टाचे खेटे टळायचे. ठाण्यात सगळे त्याला ‘मास्तरचे पालुपद’ म्हणत आणि नव्या शिपायांकडून पहिल्याच आठवड्यात ते पाठ करून घेत. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. चोरापुढे वाघ होणारे हे लोक, चार भिंतींच्या आत मार खाणारी बाई दिसली की त्यांना एकदम घराची अब्रू आठवते. आपल्याला तरी दुसरे काय आठवते? भिंतीपलीकडून किंकाळी आली की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

टीव्हीवर त्या दिवसांत गस्तीवरच्या दोन पोलिसांची एक मालिका जोरात चालली होती. चिखल, रक्त, शिव्या, सगळे अगदी खरेखुरे. एकाने चूक करायची आणि दुसऱ्याने ती पोटात घालायची, असा तिचा नेम होता. ठाण्यात दादा आणि मास्तरला त्यावरून चिडवत. दादाला ते आवडे. "जोडीदार म्हणजे दुसरी कातडी," हे मालिकेतले वाक्य तो येताजाता म्हणे, आणि त्याला तो हक्कही होता. एका दंगलीत मास्तरच्या डोक्यावर येणारी लोखंडी सळई दादाने स्वतःच्या खांद्यावर झेलली होती. तो खांदा अजून पुरता वर जात नसे.

मास्तर एकटा राहणारा. त्याचा दुपारचा डबा दादाच्या घरून येई. वहिनी रोज दोन डबे भरत असत. आज मात्र एकही नव्हता.

"तिला बरं नाही," गाडीत बसताना दादा म्हणाला. "बाहेरच खाऊ काहीतरी."

सव्वाबाराला वायरलेस खरखरला. "महिलेला मारहाण. हात मोडल्याचा संशय. फोन महिलेच्या सासूने केला आहे. पत्ता, पोलीस वसाहत, इमारत चार, खोली नऊ."

दादाने झडप घालून माइक उचलला. "आम्ही जवळच आहोत. आम्ही घेतो."

खोली नऊ. सात वर्षांत मास्तर तिथे किती वेळा जेवला असेल, त्याची गणती नव्हती. वहिनींच्या मनगटावरचे काळेनिळे डाग त्याने पाहिले होते. एकदा विचारलेही होते. "न्हाणीघरात पाय घसरला, भावजी," त्या म्हणाल्या, आणि त्याने मान डोलावून पुढचा घास घेतला. ज्याचा धंदाच खोटे ओळखण्याचा, त्याला हे कळले नसेल का? कळले होते. जेवण गोड लागत होते, एवढेच.

दार दादाच्या आईने उघडले. म्हातारी कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. "मालिकेत पाच मिनिटांत येतात. तुम्हाला बारा लागली," ती म्हणाली. मग मास्तरच्या मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहून ती दचकली. "यालाच पाठवला होय? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

वहिनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, बोटे सुजून जाड झालेली. ओट्यावर दोन डबे उघडे पडले होते. एक भरलेला, एक रिकामा.

"डब्याला उशीर झाला म्हणून," म्हातारी म्हणाली. "एवढ्याशा गोष्टीसाठी लाटण्यानं हाणलं आणि गेला ड्युटीवर. याच्या बापानं माझा असाच मोडला होता. तेव्हाही पोलीस आले, चहा पिऊन गेले. मी गप्प बसले. आता नाही बसणार."

"आई, आत जा!" दादा गरजला. मग आवाज उतरवून मास्तरकडे वळला. "रागाच्या भरात झालं रे. मी दवाखान्यात नेतो ना तिला. तू लिहून टाक."

मास्तरने सवयीने नोंदवही उघडली. वरच्याच पानावर सकाळची सही होती, शेवटचे अक्षर थरथरलेले.

"लिहा ना, भावजी," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो ऐकवेना. "मला पाठ आहे तुमचं वाक्य. जेवताना हे म्हणून दाखवायचे आणि तुम्ही दोघं हसायचात. किरकोळ कारणावरून झालेला वाद... फक्त सही डाव्या हातानं चालेल का, तेवढं सांगा."

मास्तरने सकाळचे पान उलटले आणि कोरे पान काढले.

"वहिनी, तुमची तक्रार आहे का?"

सात वर्षांत हा प्रश्न त्याने कोणत्याही बाईला विचारला नव्हता.

"आहे," वहिनी म्हणाल्या.

दादाने त्याचे मनगट धरले. "मास्तर, हा खांदा बघ. कोणासाठी मोडला?"

"माझ्यासाठी. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही," मास्तर म्हणाला. "पण दादा, त्याची फेड वहिनींनी का करायची?"

त्याने मनगट सोडवून घेतले आणि खांद्यावरचा वॉकीटॉकी तोंडाशी नेला. रुग्णवाहिका मागितली, दुसरी गाडी मागितली, महिला अधिकारी मागितली. "आरोपी जागेवरच आहे. आमच्याच गाडीतला हवालदार. माझा जोडीदार."

पलीकडून विचारणा झाली. "परत सांगा."

त्याने परत सांगितले. दादा मटकन खुर्चीत बसला. म्हातारी पदराने डोळे पुसत होती, पण मुलाजवळ गेली नाही.

त्या दुपारी दादाला दुसऱ्या गाडीच्या मागच्या बाकावर बसवून नेले. वहिनींचा जबाब साडेतीन पाने झाला. संध्याकाळी ठाण्यात मास्तर चहाला बसला, तेव्हा टेबलावरचे चौघे एकेक करून उठून गेले. एकाने जाताना म्हटले, "खाल्ल्या मिठाला जागला नाहीस." मास्तरने चहा तसाच ठेवला. ज्यांच्या हातचे मीठ खाल्ले, त्या वहिनींना आज पहिल्यांदा जागलो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार!

मग त्याने कपाटातून जुन्या नोंदवह्या काढल्या. एकाच अक्षरात एकच वाक्य, पानामागून पान, खाली निरनिराळ्या सह्या. काही ठिकाणी अंगठे. त्यातल्या दोन नावांवर तो थांबला. त्या दोघींच्या मृत्यूचे पंचनामेही पुढे त्यानेच लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच त्या गल्लीत गेला. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. त्याने दार वाजवले. यंत्र थांबले. दार वीतभर उघडले. बाईने गणवेश पाहिला, आणि त्याने काही विचारायच्या आधीच, सुजलेल्या ओठांनी घाईघाईने म्हणाली, "साहेब, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही."

मास्तरने टोपी काढली. "माझी आहे, ताई," तो म्हणाला. "माझ्याच विरुद्ध. आत येऊ का?"